तिरंदाजी कुणाच्या नावावर

चांदणी सहकारी गृहनिर्माण संस्थेत तान्ह्या बाळाच्या उपजत हालचाली आपोआप जात नाहीत. त्या रीतसर कुणातरी सज्ञान सभासदाच्या नावावर कराव्या लागतात.

दुसरीकडे म्हणे आपसूक जातात. जात असतील बापड्या. सांगलीतल्या या चार मजली सोसायटीत मात्र उपविधी क्रमांक सत्तेचाळीस आहे आणि तो सगळ्यांना मान्य आहे. बाळ येतं ते न शिकवलेल्या चार-पाच गोष्टी बरोबर घेऊनच येतं. भांडं पडलं की दोन्ही हात फेकून दचकतं. तळहातात बोट दिलं की घट्ट मूठ वळतं. उभं धरून पाय टेकवले की, मानसुद्धा धरत नाही पण टकाटका पावलं टाकतं. पहिले काही महिने हे सगळं कामाचं असतं. पुढे मात्र या मंडळींनी जागा रिकामी करायला हवी, नाहीतर बाळाला स्वतःच्या मनाने काही करताच येत नाही. मूठ गेल्याशिवाय त्याला खुळखुळा सोडता यायचा नाही. म्हणून मुदत भरली की सचिवांनी नोटीस काढायची, सभा घ्यायची आणि घेणाऱ्याचं नाव रजिस्टरात लिहायचं.

सचिव म्हणजे सुनंदाताई आवटी. वय एकोणसाठ, टेलिफोन खात्यातून निवृत्त, अक्षर मोत्यासारखं. बारा वर्षं त्या हे रजिस्टर सांभाळत होत्या आणि बारा वर्षांत त्यांनी अकरा हालचाली अकरा जणांच्या गळ्यात बांधल्या होत्या. स्वतःच्या नावावर एकही नाही! कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "लिहिणाऱ्याचा हात मोकळा नको का?" आणि लोकांना ते पटायचं.

अध्यक्ष चौगुलेसाहेबांकडे अकरा वर्षांपासून मूठ होती. त्यांच्या तळहाताला काही लागलं की बोटं मिटायची आणि उघडायची म्हणून नाहीत. हाताच्या पाठीवरून कुणी हलकेच बोट फिरवलं, तरच सुटायची. लग्नकार्यात त्यांच्याशी हस्तांदोलन करणारा माणूस जेवणाच्या पंगतीपर्यंत त्यांच्याबरोबर असायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या लिमयांकडे दचक होती. सुनंदाताई रोज सकाळी पार्किंगमधे स्कूटर शिकायच्या, त्यांनी हॉर्न वाजवला की वर गॅलरीत लिमयांचे दोन्ही हात आभाळाकडे जायचे आणि चहा खाली यायचा. सुनंदाताई मान वर करून म्हणायच्या, "सॉरी हं, लिमये!" लिमये म्हणायचे, "चालू द्या, चालू द्या."

तर ही स्कूटर. तीस वर्षं सुनंदाताई मिस्टरांच्या मागे एका अंगाला बसून हिंडल्या. मिस्टर गेले, त्यांची गाडी गेली, आणि दोन वर्षं रिक्षावाल्यांशी भांडून झाल्यावर एके दिवशी बाईंनी बिनगिअरची आकाशी रंगाची गाडी घरी आणली. आता त्या पुढे बसणार होत्या. लायसनची परीक्षा मंगळवारी अकरा वाजता होती.

आणि त्याच आठवड्यात शाल्मलीची मुदत संपून दीड महिना झाल्याचं रजिस्टरात दिसलं.

शाल्मली म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या वृषालीची मुलगी, साडेसात महिन्यांची. तिची दचक, मूठ, चाल सगळं मार्गी लागलं होतं. राहिली होती तिरंदाजी. डॉक्टर तिला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव सांगतात. सोसायटीत तिरंदाजीच म्हणतात, कारण ते दिसतंच तसं. बाळाने मान उजवीकडे वळवली की उजवा हात ताठ लांब होतो आणि डावा दुमडून कानाशी येतो. डावीकडे वळवली की उलट. दोन महिन्यांच्या बाळाला हे शोभून दिसतं. साडेसात महिन्यांच्या बाळाला ते आडवं येतं.

सभेच्या नोटिशीवर सही घ्यायला सुनंदाताई वर गेल्या तेव्हा शाल्मली सतरंजीवर उताणी होती. तिच्या उजव्या हातात लाकडी पोपट होता. पोपट तोंडात घालावा एवढीच तिची इच्छा. पण पोपटाकडे बघायला तिने मान वळवली की तो हात ताठ व्हायचा आणि पोपट हातभर लांब जायचा. जे हवं त्याच्याकडे बघावं, तर तेच लांब जायचं. मग तिने पोपट सोडून दिला आणि पालथं पडायचा उद्योग आरंभला. कुशीपर्यंत यायची, मान वळायची, हात खुंटीसारखा बाहेर यायचा, की पुन्हा उताणी. सुनंदाताईंनी चौदा वेळा मोजलं. पंधराव्या वेळी शाल्मली त्यांच्याकडे बघून हसली.

वृषाली सही करत म्हणाली, "काकू, कुणी नाहीच घेतली तर?"

"अगं, घेतात की. कुणीतरी घेतंच."

"तिच्याबरोबरची सगळी पालथी पडली. खालच्या मजल्यावरचा तो तर रांगायला लागला." तिचे डोळे भरून आले. "निखिल म्हणतो, मी घेतो. घेता येत नाही का हो?"

"आईबापांना चालत नाही. घरातल्या घरात फिरवली तर पुन्हा बाळाकडेच जाते. नव्वद साली एकांनी करून बघितलंय." सुनंदाताईंनी कागद घडी केला. "तू काळजी करू नकोस. मी आहे ना," असं त्या बोलून गेल्या आणि जिना उतरताना स्वतःवरच चिडल्या. "मी आहे" म्हणजे काय? कोण आहे मी? पण शब्द गेला तो गेलाच.

रविवारी दहा वाजता पार्किंगमधे सभा भरली. गणपूर्ती नव्हती म्हणून अर्धा तास तहकूब झाली. तेवढ्यात भडंगाची परात आली आणि गणपूर्ती झाली. वृषाली शाल्मलीला घेऊन पहिल्या खुर्चीवर बसली. चौगुलेसाहेबांच्या मुठीत घंटा होती, त्यामुळे ती सभाभर अधूनमधून वाजत होती.

"विषय क्रमांक एक," सुनंदाताईंनी वाचलं. "कुमारी शाल्मली हिची तिरंदाजी वर्ग करणे. इच्छुकांनी हात वर करावा."

एकही हात वर गेला नाही. चौगुलेसाहेबांच्या हातातली घंटा वाजली, त्याने लिमये दचकले आणि त्यांचे दोन्ही हात वर गेले.

"लिमये, लिहू का?"

"अहो नाही, ही दचक आहे!" लिमये हात खाली घेत म्हणाले. "माझं काही म्हणणं नाही. पण दचक आणि तिरंदाजी एकाच माणसाकडे दिली, तर जिन्यातून दुसऱ्या कुणाला जाता येईल का, याचा सभेने विचार करावा."

सभेने विचार केला. येणार नाही, असं एकमताने ठरलं.

शबाना मुल्ला पहिल्या मजल्यावर ब्लाउज शिवायच्या. त्या उभ्या राहिल्या. "मी घेतली असती, खोटं नाही बोलत. पण माझ्या हातात कात्री असते आणि गिऱ्हाईक बाजूला उभं असतं. 'कशी आहेस गं' म्हणून मी नुसती वळले तरी पंचाईत."

हेही रास्त होतं. मग दातांच्या डॉक्टरांनी हात झटकले, त्यांचं कारण कुणी विचारलंच नाही. चौथ्या मजल्यावरच्या पाटणकरांनी वॉचमनचं नाव सुचवलं. उपविधीत सभासद असा स्पष्ट शब्द आहे, म्हणून ते फेटाळलं गेलं. मग त्यांनी विचारलं, "जेवायचं कसं त्यात?"

"समोर बघून," चौगुलेसाहेब म्हणाले.

"आणि टीव्ही बाजूला असला तर?"

"तर घास टीव्हीला जाणार."

पाटणकर बसले.

 भडंग संपत आलं होतं. शाल्मलीने आईच्या मांडीवरून सुनंदाताईंकडे मान वळवली. त्याबरोबर तिचा डावा हात लांब झाला आणि त्यांच्या दिशेने ताठ उभा राहिला. तिच्या मनात काही नव्हतं, हालचालच तशी आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी सगळ्या सभेने त्या हाताच्या रोखाने पाहिलं.

 सुनंदाताईंना आकाशी गाडी दिसली, मंगळवार दिसला, आणि बारा वर्षांच्या अकरा ओळी दिसल्या, सगळ्या त्यांच्याच अक्षरात. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि बारावी ओळ लिहिली.

"कुणाचं लिहिलंत?" चौगुलेसाहेबांनी मान लांब केली.

"आवटी, सुनंदा."

"अहो वहिनी! मंगळवारी परीक्षा ना तुमची?"

"आहे. अनुमोदन कोण देतंय?"

अनुमोदन द्यायला मात्र सतरा हात वर गेले. वृषाली रडायलाच लागली. सुनंदाताई म्हणाल्या, "रडतेस काय वेडे, भडंग घे," आणि स्वतः डोळे पुसले.

सभा संपल्यावर चौगुलेसाहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. "नाव लागलं म्हणून लगेच येत नाही हं ती. बाळ तिच्यावाचून पहिलं काम करतं ना, त्या घटकेला येते. इकडे सुटली की तिकडे लागली. माझी मूठ आली तेव्हा मी मंडईत कोथिंबीर घेत होतो. भाजीवाल्याला घरी घेऊन आलो."

"म्हणजे शाल्मली ज्या क्षणी पालथी पडेल..."

"त्या क्षणी. उद्या पडेल, नाहीतर महिन्याने. मंगळवार निभेलसुद्धा!"

सुनंदाताईंना ते बोलणं फार गोड लागलं. सोमवारी संध्याकाळी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या. वृषाली चहा टाकायला आत वळली, तशा त्या सतरंजीवर वाकल्या आणि शाल्मलीच्या कानात म्हणाल्या, "उद्या दुपारी बारापर्यंत थांब हं माझे बाई. मग हवी तेवढी लोळ. तुला सांगली मोकळी."

शाल्मली कुशीवर आली. मान वळली, हात आडवा आला, पुन्हा उताणी. पुन्हा कुशीवर. नाकावर घामाचे थेंब होते आणि तोंडाने हूं हूं चाललं होतं. सुनंदाताई बघत राहिल्या. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की त्यांनी घाईघाईने तिची पावलं धरली आणि म्हणाल्या, "नको गं, नको थांबूस. मी आपली वेड्यासारखी काहीतरी बोलले."

मंगळवारी अकराला सुनंदाताई मैदानावर हजर होत्या. चुन्याच्या रेषा आखल्या होत्या, मधेमधे लाल शंकू उभे केले होते. निरीक्षक साहेब तरुण होते, हातात पॅड, खिशाला दोन पेनं. आधीचे सहा जण झाले. अकरा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी हाक मारली, "आवटी, सुनंदा!"

बाईंनी हेल्मेटचा पट्टा लावला आणि निघाल्या. काय सांगावं, झकास! पहिला शंकू गेला, दुसरा गेला. आठाचा आकडा असा काढला, की रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. पाय एकदाही खाली नाही. राहिलं फक्त शेवटचं वळण.

"उजवीकडून काही येतंय का बघा आणि वळा," निरीक्षक म्हणाले.

सुनंदाताईंनी उजवीकडे बघितलं.

उजवा हात हँडल सोडून ताठ लांब झाला. डावा दुमडून कानाशी आला. गाडी बिचारी मोकळी झाली, डावीकडे गेली, तीन शंकू घेऊन रेषेबाहेर पोहोचली आणि सावकाश आडवी झाली. सुनंदाताई चुन्यात बसल्या होत्या. लागलं काहीच नव्हतं. त्यांनी डावीकडे मान वळवून बघितली, डावा हात सुटला. उजवीकडे वळवली, उजवा सुटला.

"पडली!" त्या ओरडल्या. "अहो, पडली! पालथी पडली!"

रांगेतली पोरं धावत आली. त्यांनी गाडी उभी केली, बाईंनाही उठवलं. "आजी, पडली तर पडली, हसताय काय?" पण बाईंचं हसू काही थांबेना, आणि हसता हसता त्या रडत होत्या, गालावर सगळा चुना झाला होता. पर्समधला फोन वाजला. तो कानाला लावायला समोर बघावं लागलं, तेवढं त्यांना लगेच जमलं.

"काकू!" पलीकडून वृषालीचा आवाज फाटला होता. "काकू, आत्ता, आत्ता बघा..."

"माहीत आहे गं! आधी सांग, हात अडकला नाही ना पोटाखाली?"

"नाही! स्वतःच काढला! आणि पोपट तोंडात घातलाय!"

"चावू दे. सगळा चावू दे."

निरीक्षक पॅड घेऊन उजव्या बाजूला येऊन उभे राहिले. ते गंभीर होते. "आजी, नापास करावं लागतंय. नंतर पुन्हा या. इथे कारण लिहायचं असतं. तोल गेला, लिहू?"

"तोल कशाला जातोय माझा! शाल्मली पालथी पडली, असं लिहा."

त्यांनी तसं लिहिलं. "वय?"

"साडेसात महिने."

"उशीर केलात," निरीक्षक म्हणाले. "आमच्या अपार्टमेंटमधे सहाव्या महिन्याच्या आत नावं लागतात."

"खरंय तुमचं," म्हणत सुनंदाताईंनी त्यांच्याकडे मान वळवली. त्याबरोबर त्यांचा उजवा हात सरळ सुटला आणि थेट साहेबांच्या खिशातल्या पेनांपर्यंत गेला. निरीक्षकांनी एक पाऊल मागे घेतलं, कागद त्या हाताखालून ओढून घेतला आणि सही केली.