फियाटची टाकी आणि आत्याचं आगळ

मोटारीची पेट्रोलची टाकी काढायला मेकॅनिक लागतो, असं ज्यांना वाटतं त्यांची मला कीव येते. म्हणजे यायची. दिवाळीच्या आधीच्या रविवारपर्यंत नियमित यायची. टाकी म्हणजे शेवटी काय? पत्र्याचा डबा. चार नट, एक नळी, एक वायर. जो माणूस सरकारी कचेरीत उभ्या हयातीत फायलींच्या ढिगातून नेमकी हवी ती फाईल उपसून काढत आला, त्याला गाडीच्या डिकीतून एक डबा काढता येऊ नये?

हे भाषण मी आमच्या ओटीवर उभा राहून केलं. ऐकायला बाबा होते आरामखुर्चीत, जानकी, म्हणजे आमची सौ., विळीवर नारळ खवत होती, आणि शेजारचा भाई पेळेवर बसला होता. ओटीच्या कडेचा बसायचा कट्टा म्हणजे पेळ. भाई तिथे सकाळी येऊन बसतो आणि दुपारी जेवायच्या वेळी उठतो. आमच्या घरी काय शिजतंय त्यावर तो कुठे जेवायचं ते ठरवतो.

"लवू काय म्हणालो?" बाबांनी विचारलं.

लवू आमचा कुडाळचा मेकॅनिक. तो नुकताच येऊन गाडी बघून गेला होता. टाकीला आतून गंज धरला होता, गंजाची भुकटी कार्ब्युरेटरमध्ये उतरायची आणि गाडी चढणीवर धापा टाकायची. लवूने नवीन फिल्टर बसवला आणि सांगितलं, "ह्या फिल्टरार विजयदुर्गाक आरामात जावन येवा. टाकीचा काय ता दिवाळी झाल्यार बगूया."

"तो सांगता," मी म्हणालो, "पण वाटेत बंद पडली तर? मी टाकीच काढतंय. साफ करून परत बसवतंय. एका रविवारचा काम."

बाबा माझ्याकडे नुसते बघत राहिले. शाळेत मास्तर होते तेव्हापासूनची त्यांची ही सवय. चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे ते असेच बघायचे.

आता विजयदुर्ग कशाला, ते सांगतो. तिथे बाबांची थोरली बहीण असते, तुळसाआत्या. बाबांनी फियाट घेतली त्या वर्षापासून भाऊबीजेला ते मालवणहून फियाटनेच तिच्याकडे जातात. एरवी गाडी वर्षभर मांगरात, म्हणजे घरामागच्या शेडमध्ये, झाकून असते. तिच्या घराआधी एक वळण आणि उतार आहे. त्या वळणावर बाबा हॉर्न वाजवतात. आता नजर कमी झाल्याने गाडी मी चालवतो, पण तो हॉर्न वाजवायचा मान अजून त्यांचाच. माझ्या पोटावरून हात घालून वाजवतात. तो हॉर्न सर्दी झालेल्या माणसासारखा बसक्या आवाजाचा आहे. तो ऐकला की आत्या निरांजन लावते आणि आम्ही बेड्याशी, म्हणजे आवाराच्या फाटकाशी, पोचेपर्यंत ताट घेऊन उभी असते. अलीकडे तिला दिसत नाही, सावल्या तेवढ्या कळतात. पण कान शाबूत आहेत. फियाट उतारावर लागली की हॉर्नच्याही आधी ती सुनेला सांगते, "परशा इलो."

तर रविवारी मी कामाला लागलो.

आधी टाकीतलं पेट्रोल काढायचं. नळीचं एक टोक टाकीत, दुसरं तोंडात, आणि ओढायचं. पेट्रोल आलं आणि थेट माझ्या तोंडात आलं. मी अंगणभर थुंकत फिरत असताना भाई पेळेवरून म्हणाला, "गिळू नको रे, म्हाग आसा."

उरलेलं पेट्रोल स्वयंपाकघराच्या मागे एक रिकामा कॅन पडला होता त्यात भरलं. मग नट. तीन नट सुटले. चौथा खोबरेल तेलाने सुटेना, हातोडीने सुटेना, माझ्या तोंडून जे काही निघालं त्यानेही सुटेना. शेवटी मी तो करवतीने कापला. नटाबरोबर टाकी धरून ठेवणारी पट्टीही कापली गेली, पण टाकी बाहेर आली! मी ती मांडीवर घेऊन फोटो काढून घेतला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्यांचे अंगठे आले. आयुष्यात इतकं कौतुक माझं लग्नातही झालं नव्हतं.

आत बॅटरी मारून बघितलं तर लालभडक गंज. मोबाईलवर एक गृहस्थ असली टाकी व्हिनेगर भरून साफ करताना दाखवत होते. आंबटामुळे म्हणे गंज सुटतो. आमच्या घरात व्हिनेगर कुठलं?

"आंबटच होया मां?" भाई म्हणाला. "मगे समई कशान घासतत?"

मी भाईकडे बघितलं. भाईने माझ्याकडे बघितलं. आमच्याकडे समई आमसुलाने घासतात, आणि ती लखलखते, हे इथल्या कुणालाही माहीत आहे. आणि आमसुलाचा आजोबा म्हणजे आगळ, रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, मीठ घालून काढलेला दाट रस. तो तर घरात होता. अर्धा कॅन होता! तुळसाआत्या दर मे महिन्यात रातांबे फोडते, आता न दिसताही चाचपून फोडते, आणि वर्षभराचं आगळ येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती आम्हाला धाडते. आमच्या घरची सोलकढी तिच्याच हातची.

जानकी बाजारात गेली होती. हा योग साधला पाहिजे असं मला का वाटलं, ते मला अजून कळलेलं नाही. मी सगळं आगळ टाकीत ओतलं, वर पाणी घातलं, तोंडाला फडका बांधला आणि टाकी पाळण्यासारखी हलवली. "हलव, हलव," भाई पेळेवरून सांगत होता. मग ती तशीच भरून मांगरात ठेवून दिली. रिकामा कॅन धुतला आणि शहाण्यासारखा पेट्रोलच्या कॅनशेजारी ठेवला.

जानकी मासे घेऊन आली. सुरमई होती, म्हणून भाई आमच्याकडेच जेवणार होता. सोलकढी करायला तिने मागचा जड लागला तो कॅन उचलून आणला, झाकण काढलं आणि आधी गॅस बंद केला.

"ह्या काय?"

"पेट्रोल."

"मगे आगळ खंय?"

मी मांगराकडे बोट दाखवलं. ती तिकडे जाऊन, टाकी हुंगून परत आली आणि दाराशी उभी राहिली.

"आत्येन चाचपान केलेला आगळ ता," ती म्हणाली. "आता तिका काय सांगतलास?"

"गाडी लखलखीत होवन तिच्याच दारात जातली, ह्या सांगतलंय," मी म्हणालो. भाईने त्या दिवशी घरी जाऊन जेवायचं ठरवलं.

सकाळी मांगरात गेलो तर जमीन लाल झाली होती. टाकी तीन ठिकाणी ठिबकत होती. आगळ ओतून टाकलं, आत बघितलं. गंज खरंच गेला होता. आतला पत्रा चांदीसारखा चमकत होता, आणि जिथे चमकत नव्हता तिथून उजेड दिसत होता. पाणी भरून बघितलं तर आमच्या अबोलीला घालायच्या झारीसारखं खालून बाहेर आलं. इतकी वर्षं गंजानेच ती टाकी धरून ठेवली होती.

बाबा काठी टेकत आले. वाकले, टाकीच्या बुडाला बोट लावलं आणि ते बोट जिभेला लावलं.

"आगळात मीठ किती आसता, ठावक आसा तुका?"

मला ठाऊक होतं. कालही ठाऊक होतं. फक्त आठवलं नव्हतं.

"चाळीस वर्सां दर्याच्या वाऱ्याक जा जमाक नाय," बाबा म्हणाले, "ता तू एका रातीत करून दाखयलंस."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते मांगराचं दार ओढून घेऊन निघून गेले.

मी लवूला फोन केला. त्याने मला सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "कसला घातलंस? आगळ?" मग त्याने फोन बाजूला धरून गॅरेजातल्या बाकीच्यांना सांगितलं, आणि ते सगळे हसताना मला नीट ऐकू आलं. तसली टाकी दिवाळीआधी कुठेच मिळणार नव्हती. भोकं बुजवायला भाईने अंगाचा साबण आणला. मी दोन वड्या चोळल्या. टाकीला वास छान आला. मग भाई म्हणाला, पुढच्या सीटवर पेट्रोलचा कॅन ठेवू, त्यातून नळी इंजिनाला देऊ.

"मी भयणीक भेटाक जातंय," बाबा म्हणाले, "आग लावक नाय."

भाऊबीजेला आम्ही भाईच्या पुतण्याच्या, अनिशच्या, गाडीतून गेलो. नवी कोरी, बॅटरीवर चालणारी. देवगड कधी मागे पडलं कळलं नाही. वाटेत अनिश तीनदा म्हणाला, "बगा, आवाजच नाय." बाबा दर वेळी "होय" म्हणाले. ते वळण आलं तसा बाबांचा हात आपसूक अनिशच्या पोटावरून गेला. अनिश दचकला, गाडी हलली, आणि हॉर्न कोंबडीच्या पिल्लासारखा वाजला.

आत्या पायरीवर बसली होती. नवं लुगडं, मांडीवर ताट. उशीर झाला म्हणून हॉर्नआधीच लावलेल्या निरांजनातलं तूप संपून वात काळी पडली होती. तोंड उताराच्या रस्त्याकडे होतं. आम्ही अगदी तिच्यासमोर जाऊन उभे राहिलो, तरी तिने मान वळवली नाही.

"कोण तां?" तिने सावलीला विचारलं.

"गे बाय, मी. परशा."

तिने हात पुढे करून बाबांचं मनगट चाचपलं. "गाडी खंय तुझी? सकाळपासना कान लावन बसलंय. ट्रक इले, एस्टी इली, तुझी काय येना. माका वाटला..."

 तिने सुनेला तूप आणायला सांगितलं. मी अंगणातली फरशी बघत राहिलो. माझ्या त्या बढाईची मला तेव्हा जी लाज वाटली, तशी गॅरेजातलं हसू ऐकूनही वाटली नव्हती.

जेवताना सोलकढी आली. आत्याने विचारलं, "आगळ पुरला मां रे वर्साचा?"

जानकी पानात बघू लागली. मी तर पानात शिरायचाच बाकी होतो.

"गाडीन पिल्यान, बाय," बाबा म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगितलं. साबणासकट सांगितलं. आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाली, "मीठ मी जास्तच घालतंय रे. टिकाक होया मां."

निघताना तिने घरात उरलेली शेवटची आगळाची बाटली आणून पुढे धरली. मी हात पुढे केला. बाबांनी माझ्या हातावरून बाटली घेतली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

वळणावर त्यांनी अनिशला गाडी थांबवायला सांगितली. एका हाताने बाटली छातीशी धरून दुसऱ्या हाताने ते हॉर्न वाजवू लागले. एकदा, दोनदा, मग लांबलचक.

"कित्याक वाजवतास?" अनिशने विचारलं.

"तिका ह्यो आवाज वळखाक येवक होयो," बाबा म्हणाले. "फियाटची टाकी खंय लगेच मेळता."

त्यांना एका हाताने अवघड जात होतं. मी मागून म्हटलं, "बाबा, बाटली हय द्या, मी धरतंय."

बाबांनी बाटली दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरली आणि पुन्हा हॉर्न वाजवला.