चार वाजता वारलेले ग्रंथपाल

दूध तापताना भांड्याच्या कडेला बारीक बुडबुड्यांची माळ धरते आणि मंद आचेवर ती बराच वेळ तशीच राहते. तापणं लांबत जातं. उतू जाणं मात्र क्षणाचं काम. गॅसपाशी उभ्या असलेल्या प्राध्यापकबाईंना हे पाहून समाधान वाटत होतं, कारण त्यांचं संशोधनच त्यावर होतं. जगातल्या सगळ्या क्रियांचे त्यांनी चार खण केले होते: नुसती असणारी, चालत राहणारी, करता करता पुरी होणारी आणि क्षणात घडणारी. कुठलीही क्रिया आणा, तिच्या वाक्यात ‘तासभर’ बसतं की ‘बरोबर चार वाजता’ ते पाहून चुटकीसरशी खण सांगते, असा त्यांचा दावा होता!

फक्त स्वतःचं एक ठरवणं त्यांना कुठल्याच खणात टाकता येत नव्हतं. कॉलेजच्या ग्रंथपालांनी लग्नाचं विचारलं तेव्हा उन्हाळा होता. आता शाली निघाल्या, तरी बाईंचं आपलं ‘ठरवतेय’! शेवटी ग्रंथपालांनी बजावलं होतं, “आज संध्याकाळी उत्तर घ्यायला येतो. नाहीतर परगावची नोकरी धरतो.”

त्यामुळे बाईंच्या उदाहरणांच्या वाक्यांतही आज ग्रंथपालच घुसले.

“ग्रंथपाल तासभर वारले,” बाई मोठ्याने म्हणाल्या. “छे! ग्रंथपाल बरोबर चार वाजता वारले. हां, हे बसतं!”

बाईंची थोरली बहीण, ताई, नेमकी भाजी घेऊन दारात पोचली होती. ऐकलं मात्र, पिशवी तिथेच टाकून ती समोरच्या शिवणवाल्या काकूंकडे धावली. बातमी शिट्टी फुंकल्यासारखी जिना उतरली, तळाला जाऊन पुन्हा वर आली आणि डोळ्यांना पदर लावलेल्या काकूंबरोबर स्वयंपाकघरात शिरली.

“बाई, धीर धरा. ग्रंथपाल गेले हो!”

“क... कधी?”

“मघाशी चार वाजता. त्याआधी तासभर तडफडत होते म्हणे!”

आपलंच वाक्य इतकी तोंडं फिरून आलं की ओळखू येत नाही. बाईंनी दुधाकडे पाठ फिरवली. तो माणूस आपल्याला हवा होता. आज, आत्ता नव्हे; कधीपासूनचा, नुसताच हवा होता. पहिला खण! इतकं सोपं होतं!

तेवढ्यात जिन्यातली गर्दी बाजूला सारत ग्रंथपालच धापा टाकत आत आले.

“कोण गेलं?”

“तुम्ही!” ताई किंचाळली.

“मी? मला नाही कोणी कळवलं!”

“हिनेच तर सांगितलं! चार वाजता म्हणाली, बसतंय म्हणाली!”

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या हसल्या, मग रडल्या, मग दोन्ही एकदम करू लागल्या. मागे ‘स्स्स’ असा आवाज झाला.

“अहो बाई, दूध!” काकू ओरडल्या.

“जाऊ दे.” बाईंनी ग्रंथपालांची बाही घट्ट धरली; आतला हात गरम होता, चांगला जिवंत होता. “ठरलं माझं. आपण लग्न करू या!”