अठरा थेंब आणि दोन इंच माया

"अठरा म्हणजे अठरा. एक कमी नाही, एक जास्त नाही," बायकोने तिसऱ्यांदा बजावलं आणि दावं तोडून पळालेल्या शेळीमागे ती धावली.

शिंपीमास्तर पातेल्यापुढे उभे राहिले. पातेल्यात वीस लिटर शेळीचं दूध कोमट होऊन, विरजण लावून तयार होतं. आता दूध घट्ट धरण्यासाठी रेनेटचे थेंब तेवढे घालायचे राहिले होते.

आजवर बायकोने दोन-दोन लिटरचंच चीज केलं होतं, तेही घरापुरतं. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने एकदा ते पावाला लावून खाल्लं आणि म्हणाला, "वहिनी, वीस लिटरचं असंच मऊ जमलं तर दर आठवड्याला घेतो." तेव्हापासून तिचं कशात लक्ष नव्हतं. तीन दिवस वही घेऊन बसली. दोन लिटरला दोन थेंब, म्हणजे वीसला वीस. पण मोठं पातेलं लवकर निवत नाही, तेव्हा अठराच पुरेत. ते अठरा थेंब तिने वाटीभर थंड पाण्यात मोजून ठेवले होते. मास्तरांनी फक्त वाटी ओतायची होती.

इथे मास्तरांचा धंदा आडवा आला. तीस वर्षांत त्यांनी एकही कपडा बेताचा कापला नव्हता. शिवणीच्या आत दोन इंच कापड जास्तीचं राखायचं, त्याला ते माया म्हणत. ज्याच्या कपड्यात माया नाही तो शिंपी कसला, असं त्यांचं ठाम मत. आणि ही बाई तर विसावरून अठरावर उतरली होती. त्यांनी आधी तिने कापलेले दोन थेंब भरून काढले. मग मायेचे दहा घातले. मग बाटली हातातच होती आणि वीस लिटर म्हणजे काही थोडंथोडकं दूध नाही, म्हणून आणखी दहा घातले.

दुसऱ्या दिवशी चीज बांधून ठेवलेलं फडकं सोडायला आणि बेकरीवाला दारात यायला एकच गाठ पडली. त्याने चीजला सुरी लावली. सुरी उसळून परत आली. शेवटी त्याने हाताने तुकडा तोडला, तोंडात टाकला आणि तो चावतच राहिला. दाताखाली किरकिर वाजत होतं. बायकोचे डोळे भरून आले.

"वहिनी, घातलंय काय यात?"

"अठरा थेंब," ती म्हणाली आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे खोटं बोलणं मास्तरांना कधीच जमलं नव्हतं.

"चाळीस," ते म्हणाले. "जास्त असलेलं बरं. नंतर काढता येतं."

"दुधातून?" बायकोने विचारलं.

बेकरीवाल्याने घास कसाबसा गिळला आणि स्वतःच्या पँटकडे पाहिलं. ती मास्तरांनीच शिवलेली होती आणि पोट वाढेल तशी तीनदा उसवून सैल केलेली होती.

"मास्तर, तुमच्या मायेवरच मी अब्रूने हिंडतोय," तो म्हणाला. "वहिनी, पुढच्या आठवड्यात पुन्हा करा. फक्त यांना स्वयंपाकघरात घेऊ नका."

पुढच्या आठवड्यात मास्तर अंगणात शेळी धरून बसले आणि चीज लोण्यासारखं मऊ झालं. ऑर्डर पक्की झाली. बेकरीत माल द्यायला जाताना घालायला बायकोने पांढरा कोट शिवायला सांगितला.

"इंचभरही जास्त नको. अगदी मापात."

मास्तरांनी निमूटपणे मान डोलावली. कोट चपखल बसला.

दोन महिने चीज रोज चाखून बघावं लागलं. मग एका दुपारी बायको कोट घेऊन मशीनपाशी येऊन उभी राहिली.

"धुतल्यावर आटलाय," ती म्हणाली. "बटण लागत नाही."

मास्तरांनी कोट उलटा केला आणि ब्लेडने बाजूची शिवण उसवली. आत दोन इंच कापड नीट दुमडून ठेवलेलं होतं.

"किती सोडू?" त्यांनी विचारलं.

तिने ते दुमडलेलं कापड बोटांनी चाचपलं.

"सगळं नको," ती हळूच म्हणाली. "थोडं राहू द्या. पुढे लागेल."