आप्पांचा मधला स्पीकर

कीटकनाशकाच्या बाटलीवरच्या सूचना ऐकताना पदर सावरून हात जोडणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आणि त्या सूचना दिवसातून तीन-तीनदा घरात लावणारा नवराही एकच. दोघं एकाच घरात राहायचे, आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून मी भाड्याने राहायचो.

ही दौंडजवळच्या राहू गावातली गोष्ट. मी तिथल्या हायस्कुलात मराठी शिकवायचो. नवरा म्हणजे आप्पा, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले वायरमन; बायको म्हणजे काकू. मोबाइल तेव्हा गावात दोघा-तिघांकडेच होता, पण सीडी घरोघर पोचली होती. आप्पांच्या जावयाने सुरतेहून एक अ‍ॅम्प्लिफायर आणि चार स्पीकर आणून दिले. पाचवा, म्हणजे टीव्हीवर मधोमध बसणारा, आप्पांनी स्वतः बनवायचा ठरवला.

"सर, कडंचे चार म्हंजी नुसती वाजंत्री," ते म्हणाले. "माणसाचं बोलणं येतं मधल्यातनं. त्यातला शब्द न् शब्द कळला पायजे. मला दुसरं काय बी नको."

टीव्ही आणि वरची देवाची फळी यांच्यामध्ये जागा एक वीत. तेवढ्यात डबा बसायचा, म्हणजे आतला स्पीकर फार तर चार इंची. चार इंची स्पीकर ही दुकानातून आणून लावून टाकायची वस्तू आहे, असा माझा समज होता. आप्पांनी तिचं स्थळ बघणं करून टाकलं. दौंडहून दोन आणले, शिरूरहून तीन, पुण्याहून तर पिशवीभर. प्रत्येकाला डब्यात बसवायचं, बोलतं करायचं आणि नाकारायचं.

बोलतं करायला आवाज माझा. "गाणं कुठल्याबी डब्यात गोड लागतं. बोलणं पायजे, आन् तुमचं बोलणं स्वच्छ हाय," असं ते म्हणाले तेव्हा मी चांगलाच फुगलो. कवितांचं पुस्तक घेऊन गेलो, तर त्यांनी गोठ्यातून बाटली आणून हातात दिली. "ह्ये वाचा. ह्याच्यात समदी अक्षरं येत्यात."

मग मी टेपसमोर बसून घसा साफ करून वाचलं, "वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नये. फवारताना विडी ओढू नये, तंबाखू खाऊ नये. रिकामी बाटली पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नये."

ती टेप लागली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर भाजी चिरत बसलेल्या काकू विळी बाजूला सारायच्या, पदर डोक्यावर घ्यायच्या आणि टेप संपेपर्यंत हात जोडून बसायच्या. मला वाटलं, हा माझ्या आवाजाचा प्रभाव. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवसांत मी वर्गात व्याकरणसुद्धा भक्तिभावाने शिकवायला लागलो होतो.

आप्पांचे निकाल मात्र एका वाक्यात लागायचे. "ह्यो तोंडात भाकर धरून बोलतोय. नापास." "ह्यो पुढारी हाय, घुमतो लई, कळत काय न्हाई. नापास." एक बिचारा फारच मऊ बोलत होता. त्याला म्हणाले, "सासुरवाडीला आलाय जणू."

शिरूरचं एक स्थळ मला मनापासून आवडलं होतं. दोन बाजूंना दोन चार इंची, मध्ये पातळ आवाजासाठी बारीक ट्वीटर. खाटेवर बसून ऐकलं तर फवारणीच्या सूचनासुद्धा रेडिओवरच्या भाषणासारख्या भारदस्त वाटल्या. आप्पांनी मला खाटेवरून उठवून काकूंच्या शेजारी उंबऱ्यावर बसवलं.

"आता?"

"आता जरा गढूळ येतंय," मी कबूल केलं.

"बघा. दोघं एकदम बोलाया लागले का बाजूच्या माणसाला कळत न्हाई. एकट्यानंच बोललं पायजे. नापास."

"पण आप्पा, तुम्ही तर खाटेवर बसता!"

"मी कुठंबी बसंन," ते म्हणाले. मी गोंधळून घरी आलो.

आप्पांचे कान कारखान्यातल्या टर्बाइनने खाल्ले, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण आप्पाच ते सांगत फिरायचे. पानाच्या टपरीवर लोक त्यांच्याशी ओरडून बोलायचे आणि तेही कानामागे हात धरून "आँ?" करायचे. पोरं मागे हसायची. आता या माणसाने एकदा माझी मोपेड दारात थांबायच्या आत सांगितलं, "सर, नंबरप्लेटीचा नट ढिला झालाय. पार ओढ्यापासनं वाजतोय." मी वाकून बघितलं. नट खरंच ढिला होता. वर म्हणाले, "आमचा आज्जा अंधारात आवाजावरनं मेंढरू वळखायचा." बहिऱ्या माणसाला नट कसा ऐकू आला, याचा मी आठवडाभर विचार केला आणि नाद सोडून दिला.

शेवटी एका रविवारी ते दौंडच्या भंगारातून एक चार इंची घेऊन आले. कधीकाळी कुठल्याशा सभागृहाच्या भिंतीवरून सूचना देत असावा. कागद पिवळा पडलेला, फाटलं होतं तिथे नेलपॉलिशचं ठिगळ. डब्यात एकटाच बसवला आणि टेप लावली. माझा आवाज असा आला, की जणू मला सर्दी झाली आहे आणि मी जत्रेत हरवलेल्या माणसांची नावं पुकारतो आहे.

"आप्पा, हा सगळ्यांत वाईट," मी म्हणालो.

आप्पांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते उंबऱ्याकडे बघत होते.

काकूंनी नेहमीप्रमाणे विळी सारली, पदर घेतला. हात जोडायला उचलले आणि ते अर्ध्यावरच थांबले. कपाळाला आठ्या पडल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "ह्यो तर विडी वढू नका म्हणतोय."

काकूंनी आधी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ही पोथी न्हाई व्हय? औषधाची बाटली हाय? आन् मी मेली इतके दिवस हात जोडतीया!" आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला, तरी हसू थांबेना. टीव्हीसमोर आम्ही सगळे हसलो की आमच्या तोंडाकडे बघून मग हसणाऱ्या काकू मला ठाऊक होत्या. एकट्या, आपल्या आपण हसलेल्या मी पहिल्यांदाच बघितल्या.

"पास," आप्पा म्हणाले आणि उठून अंगणात गेले.

मी मागोमाग गेलो. माझ्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडत होता.

"कान काकूंचे गेलेत?"

"चार वर्सं झाली. ती मानत न्हाई. लेकीचा फोन आला का 'तुमीच बोला' म्हणून माझ्या हातात देती. मी मोठ्यानं बोललो का तिला वाटतं चिडलो. रडती. मग मी बोलायचंच सोडलं." आप्पांनी नाक पुसलं. "बहिरा म्हणायचं तर मला म्हणू द्या की गावाला. माझं काय जातंय?"

"आणि पोथी?"

"तिला पोथी वाटत व्हती. सांगायचं म्हंजी वरडून सांगायचं. ऱ्हाऊ दिलं."

माझ्या भक्तिरसाचा असा निकाल लागला. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही. मला या माणसाच्या पाया पडावंसं वाटत होतं, आणि धीर झाला नाही.

त्या अ‍ॅम्प्लिफायरला माइकसाठी एक भोक होतं. संध्याकाळी मी वह्या तपासत बसलो होतो, तर भिंतीपलीकडून तो सर्दी झालेला स्पीकर बोलायला लागला. आवाज आप्पांचा होता, अगदी हळू.

"भाजी कसली केली?"

"दोडक्याची," काकू आतून म्हणाल्या.

"दोडका कवळा व्हता का?"

"व्हता की."

"बी न्हाई ना निघालं?"

"न्हाई वो."

"मीठ घातलं का?"

"घातलं. आज लई बोलताय?"

स्पीकर एकदा खरखरला.

"व्हय," तो म्हणाला. "लई साठलंय." आणि मग त्याने दोडका कुणाच्या वाफ्यातला, ते विचारलं.