गार्डाची गुढी

"कलर गार्ड? म्हणजे गार्डच ना गं? झेंडेवाला?" शोभामावशींनी विचारलं.

"हो गं मावशी, झेंडेवालाच," तव्यावरची पोळी उलटत सुलेखा म्हणाली आणि विषय संपला असं तिला वाटलं. संपतोय कसला!

शोभामावशी म्हणजे सुलेखाची सख्खी मावशी. नागपूरहून महिनाभरासाठी न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला भाचीकडे आलेल्या. त्यांच्या यजमानांचा अख्खा जन्म रेल्वेत गेलेला. त्यामुळे गार्ड म्हटलं की शेवटच्या डब्यातून हिरवा झेंडा दाखवणारा, शिट्टी फुंकणारा भारदस्त माणूसच त्यांच्या डोळ्यांपुढे यायचा. सुलेखाची आठवीतली लेक नीला शाळेत गार्डाचं शिक्षण घेतेय हे ऐकून त्या भलत्याच खूश झाल्या.

"चांगलं आहे बापा. पेन्शन असते. वर सहामाही फुकटचा पास, काश्मीर फिरून या."

"थँक्स, आजी," नीला म्हणाली. तिला यातलं अक्षरही कळलं नव्हतं, पण आजी रागावल्या नाहीत एवढं कळलं.

तिचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. हिवाळ्यात शाळेच्या जिममध्ये, टेपवरच्या संगीताच्या तालावर उंच काठ्यांचे रेशमी झेंडे फिरवत नाचायचं आणि इतर शाळांशी स्पर्धा करायची, असं ते कलर गार्ड. नीला त्यात अगदी नवी. एका मुलीचा पाय मुरगळला म्हणून हिला जागा मिळाली आणि कपाटातली उरलीसुरली जुनी काठीही हिच्याच वाट्याला आली. बाकी सगळं तिला जमे, पण झेंडा उंच फेकून पुन्हा हातात झेलायचा, तो टॉस काही जमेना. प्रत्येक वेळी काठी अर्धीच गिरकी घेऊन फरशीवर खणकन आपटे. कोच मिस कॅरलनी तिला स्पष्ट सांगून टाकलं होतं, शनिवारच्या कॉन्टेस्टआधी वॉर्म-अपमध्ये काठी पडली, तर नीला बेंचवर बसेल. आठवडाभर ती पोरगी जेवताना चमचासुद्धा फेकून झेलत होती.

आणि त्याच शनिवारी आला गुढीपाडवा.

मागच्या वर्षी टिपणिसांच्या, म्हणजे सुलेखाच्याच घरी व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीची गुढी उभारली होती, ही बातमी नागपूरपर्यंत पोचली होती. म्हणून यंदा सुलेखाच्या नवऱ्यानं, शैलेंद्रनं, मावशींना शब्द दिला होता, "मावशी, हार्डवेअरच्या दुकानातून फर्स्टक्लास काठी आणतो." शब्द दिला आणि तो विसरला. त्याचं नेहमीचंच आहे, त्याबद्दल काय बोलायचं!

पाडव्याला मावशी आंघोळ करून गराजमध्ये गेल्या, तर भिंतीला टेकलेली एक पांढरीशुभ्र, उंच, हलकी काठी! वर निळं रेशीमही गुंडाळलेलं. नीलाची असेल का, ही शंका त्यांना शिवलीसुद्धा नाही, कारण गार्डाचा झेंडा हातभर असतो हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. त्या कौतुकानं आत आल्या.

"शैलेंद्रराव, काय सुरेख काठी आणलीत हो! वस्त्रासकट!"

शैलेंद्र अजून पांघरुणात होता. काठी विसरल्याचं त्याला आठवलं, मग काठी आलेली आहे असं कळलं, आणि सुलेखानंच आणली असणार असं समजून त्यानं सगळं श्रेय पदरात पाडून घेतलं. "तुमच्यासाठी कायपण, मावशी," तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

मावशी कामाला लागल्या. निळ्या रेशमाला जर नव्हती, म्हणून त्यावर हिरवा खण बांधला. कडुनिंब नव्हता, तिथं कोथिंबिरीची जुडी लावली. साखरेच्या गाठी नव्हत्या, तर छोट्या छोट्या पांढऱ्या मार्शमेलो-गोळ्यांची माळ ओवली. काठी निघाली पोकळ आणि वर गडू डगडगायला लागला, तेव्हा चिंधीत सुपाऱ्या गुंडाळून त्यांनी तो बोळा काठीच्या तोंडात असा ठोकून बसवला की बस्स. मग मागच्या डेकवर गुढी उभारून त्यांनी मनोभावे हात जोडले.

"ओ माय गॉड!" मागून किंकाळी आली. युनिफॉर्म घालून, केसांना चमकी लावून नीला दारात उभी होती. "That's my flag!"

पुढची काही मिनिटं घरात नुसता गोंधळ. सुलेखा शैलेंद्रकडे बघते, शैलेंद्र काठीकडे बघतो, मावशी कोणाकडेच बघत नाहीत.

"तुम्हीच म्हणालात ना, आणली म्हणून?" मावशींनी विचारलं.

"मला वाटलं सुलेखानं आणली."

"मग 'तुमच्यासाठी कायपण' कशाला म्हणालात?"

शैलेंद्रनं खाली मान घालून बूट शोधायला घेतले.

"मावशी, उतरवूया का गं? पोरीची स्पर्धा आहे," सुलेखानं भीत भीत विचारलं.

"सूर्य मावळायच्या आत? वर्षाच्या पहिल्या दिवशी? भलतंच काय बोलून राहिली!" मावशींचे डोळे भरून आले. "माझ्या हातून आजवर असं झालं नाही. पोरीलाच वर्षभर बाधायचं उगाच."

"आजी, प्लीज! मिस कॅरल says no flag, no floor!" नीलाही रडायच्या बेताला आली. आता एकीकडे म्हातारी रडतेय, दुसरीकडे पोरगी. मधल्या मध्ये शैलेंद्रचा इंजिनिअरी मेंदू चालला.

"उतरवायची नाही ना? मग उभीच नेऊ!"

अशा रीतीनं टिपणिसांची स्टेशन वॅगन निघाली. मागच्या खिडकीतून गुढी बाहेर, ती दोन्ही हातांनी सरळ धरून बसलेल्या मावशी, आणि वर्गातलं कोणी बघू नये म्हणून सीटवरून घसरत घसरत पार खाली गेलेली नीला. सिग्नलला शेजारच्या ट्रकवाल्यानं टोपी काढून सलाम केला. मावशींनीही मान तुकवून तो स्वीकारला.

स्पर्धेच्या शाळेत जिमच्या दारावर एका बाईनं अडवलं. आत चपला चालणार नाहीत, लाकडी फरशी खराब होते. "देवळासारखंच आहे की," म्हणत मावशींनी आनंदानं चपला काढल्या. गुढी मात्र त्यांच्या हातातून सुटेना. कॉरिडॉरच्या टोकाला मिस कॅरल हाका मारत होत्या, बाकीच्या मुली वॉर्म-अपला निघाल्या होत्या आणि नीला आजींच्या पदराचं टोक धरून उभी होती.

एवढ्यात शैलेंद्रचं लक्ष मावशींच्या मनगटाकडे गेलं. मावशी आल्या त्या दिवसापासून त्यांचं घड्याळ नागपूरच्याच वेळेवर होतं. रक्तदाबाची गोळी त्या त्याच घड्याळावर घ्यायच्या. महिन्याभरासाठी काटे कोण फिरवत बसणार, असं त्यांचं म्हणणं.

"मावशी," तो अगदी साळसूदपणे म्हणाला, "किती वाजले हो?"

मावशींनी घड्याळ पाहिलं. "साडेनऊ."

"सकाळचे की रात्रीचे?"

"रात्रीचे बापा, हे तर..." मावशी एकदम थांबल्या. "अगंबाई! तिकडे केव्हाच दिवेलागण होऊन गेली! आणि माझी गुढी अजून उभीच?"

त्यांनी घाईघाईनं हळदकुंकू वाहिल्याचा हात केला, गडू काढला, मार्शमेलोंची माळ शैलेंद्रच्या गळ्यात टाकली आणि खणाची गाठ दातांनी सोडवली. सुपाऱ्यांचा बोळा तेवढा निघेना. शैलेंद्रनं पेन खुपसलं, किल्ली खुपसली, तो हलला नाही. "राहू दे!" म्हणत नीलानं काठी ओढली आणि धूम ठोकली.

वॉर्म-अपच्या खोलीच्या काचेला तिघांनी नाकं लावली. मिस कॅरलनी नीलाला पुढे बोलावलं. सुलेखानं डोळे मिटले. नीलानं काठी वर फेकली. ती वर गेली, पूर्ण गिरकी घेतली आणि पाळलेल्या पोपटासारखी येऊन हातात बसली. पुन्हा फेकली. पुन्हा तेच! मिस कॅरलनी काठी मागून घेतली, तिच्या टोकात डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. प्रत्येक काठीच्या तोंडात वजनाला लोखंडी बोल्ट असतो. या जुन्या काठीतला तो कधीच पडून गेला होता आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"What is in there?" त्यांनी विचारलं.

"सुपारी," नीला म्हणाली.

"ते काय असेल ते असो, काढू नकोस," मिस कॅरल म्हणाल्या.

स्पर्धा सुरू झाली. नीलाच्या शाळेच्या मुली निळे झेंडे घेऊन फरशीवर आल्या तेव्हा शोभामावशी बाकावर पुढे सरकून बसल्या आणि बराच वेळ इकडेतिकडे बघत राहिल्या.

"सुलेखा, एवढे गार्ड झाले, पण गाडी कुठं आहे?"

सुलेखा हसता हसता सांगायला गेली, तेवढ्यात सगळे झेंडे एकदम हवेत उडाले. दोघीतिघींचे पडले. नीलाचा नाही. शैलेंद्र गळ्यात मार्शमेलोंची माळ घालून असा ओरडला की परीक्षकांनी वळून पाहिलं. शाळेचा नंबर शेवटून दुसरा आला, पण ते टिपणिसांच्या घरात कोणी मनावर घेतलं नाही.

स्पर्धा आटोपून मावशी घरी उतरल्या, तर डेकवर लख्ख ऊन! त्यांनी उन्हाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग शैलेंद्रकडे पाहिलं.

"जावईबापू, म्हातारीला फसवलंत."

शैलेंद्रनं पुन्हा बूट शोधायला घेतले, ते पायातच होते. मावशींनी मनगटावरचं घड्याळ काढलं, किल्ली ओढली आणि काटे गरागरा फिरवून न्यू जर्सीच्या वेळेवर आणले.

"आता हे घड्याळ इथलं आणि सूर्यही इथला," त्या म्हणाल्या. "मावळायला वेळ आहे अजून. पण पोरीची काठी मी काही मागणार नाही. व्हॅक्यूमची नळी काढा."

"नो आजी, वेट!" नीला धावत गराजमध्ये गेली आणि आपली काठी घेऊन आली. ती तिनं आजींच्या हातात ठेवली, कोथिंबिरीची जुडी पुढे केली आणि म्हणाली, "पुढच्या सॅटरडेला अजून एक कॉन्टेस्ट आहे. सुपारी परत हॅमर कर ना, टाइट!"