फक्त फिनिशिंग बाकी

आमच्या मिक्सरच्या गळ्यात गेलं सव्वा वर्ष एक पुठ्ठ्याचं कार्ड लटकतंय. त्यावर आमचं आडनाव, फ्लॅट नंबर आणि खाली सुबक अक्षरात ‘फिनिशिंग बाकी’. मिक्सर शेजारच्या खोतकाकांकडे दुरुस्तीला आहे. आमची चटणी तेव्हापासून पाट्यावर होते.

खोतकाका अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टूलरूमला होते. निवृत्त झाल्यावर बदलापुरातल्या फ्लॅटची मागची बेडरूम त्यांनी वर्कशॉप केली. पलंग गेला, बाकडं आलं, बाकड्यावर लोखंड पकडायचा शिकंजा बसला. तिथे एका वेळी सतरा-अठरा कामं उघडी असतात आणि प्रत्येकाला कारखान्यातल्यासारखं जॉबकार्ड. पहिल्या मजल्यावरच्या बाळाचा पाळणा तिथेच आहे. बाळ आता शाळेत जातं. कोणी चौकशी केली की काका चष्म्यावरून बघतात. “काम झालंय हो. फक्त फिनिशिंग बाकी.”

त्यांना हसायचा अधिकार मी केव्हाच गमावला आहे. एका रविवारी मिक्सर मागायला म्हणून गेलो आणि दुपारी हातात कानस घेऊन बसलेला बायकोला सापडलो. बँकेत आयुष्यभर शिक्के मारलेल्या माणसाला लोखंडाचा कीस पडताना बघून काय होतं, ते सांगता येत नाही. महिन्याभरात माझीही चार कामं उघडी होती. कुंड्यांचा स्टँड तीन पायांवर होता आणि चौथ्याचं माप मी विसरलो होतो. बायको म्हणाली, “एक होते ते कमी पडत होते का?” काका मात्र माझी कानस बघून एवढंच म्हणायचे, “बँकवाल्या, लोखंडाला गुदगुल्या नको करू.”

मग आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती गुरुवारी घरी येणार होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, बाथरूममध्ये धरायला दांडी हवीच, आता पडल्या तर कठीण आहे. काकांच्या कानावर घातलं. “मी देतो,” ते म्हणाले. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, म्हणजे पुढच्या वर्षी.

बुधवारी गुपचूप उल्हासनगरला जाऊन तयार दांडी आणली. दुकानदार म्हणाला, “साईं, हाथी लटका दो, हिलेगा नहीं.” घरी येऊन बाथरूमला आतून कडी लावली, ड्रिल चालवलं आणि पहिल्याच भोकात पाण्याचा पाइप गाठला. नेमकी बारवी धरणाचं पाणी नळाला यायची वेळ, त्यामुळे दाब झकास होता. मी ड्रिल टाकून बाहेर पळालो आणि बायको काकांकडे धावली.

काकांनी व्हॉल्व्ह बंद केला, पाइप जोडला, भोक बुजवलं. दुकानातली दांडी त्यांनी गुडघ्यावर दाबली, ती वाकली. मग घरी जाऊन दुसरी घेऊन आले. भरीव स्टीलची, धरायच्या जागी बारीक खाचा. तिलाही तारेने कार्ड बांधलेलं होतं. मी वाचलं. ‘सौ. कुसुम. बाथरूम. फिनिशिंग बाकी.’

कुसुमकाकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. बाथरूममध्ये पडल्या, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

काका स्क्रू आवळत भिंतीकडे बघून म्हणाले, “तिला म्हटलं, एक दिवस थांब. कडा टोचतायत, हाताला लागेल. उद्या घासून लावतो.”

त्यांनी पुढचा स्क्रू उचलला. मिक्सरवरून मी सोसायटीभर केलेले सगळे विनोद मला एकदम आठवले आणि स्वतःची लाज वाटली.

“लटक,” काका म्हणाले. मी अख्ख्या वजनानिशी लटकलो. दांडी तसूभरही हलली नाही. त्यांनी कार्ड सोडवून हातात घेतलं.

गुरुवारी आई दांडी धरून पहिल्यांदा स्वतःची स्वतः उठली. काका बाहेर पॅसेजमध्ये उभे होते, बोलावलं तरी आत येईनात.

“खोत भाऊजी,” आई आतून म्हणाली, “हात घसरत नाही आणि कुठे टोचतही नाही हो. किती निगुतीनं घासलंय.”

“वेळ मिळाला, वहिनी,” काका म्हणाले. “दोन वर्षं मिळाली.”