कोल्ह्याविरुद्ध वर गेलेला हात

"शोभना, दोन गोष्टी सोडू नकोस. दाराशी आलेल्या मुक्या जिवाला आधी घास, मग आपलं ताट. आणि ताटावर बसलं की तोंडातून शब्द काढायचा नाही."

सासूबाईंनी हे मला लग्नानंतरच्या पहिल्या चातुर्मासात सांगितलं. पुढे त्या गेल्या, आम्ही जर्मनीत एर्लांगेनजवळच्या या खेड्यात आलो, पण नेम चुकला नाही. बर्फ पडो नाहीतर पाहुणे येवोत, संध्याकाळी मागच्या पायरीवर वरण-भात-तुपाचा मुटका ठेवल्याशिवाय मी पान वाढून घेत नाही. सकाळी ताटली चाटूनपुसून लख्ख! कोण खातं ते मी कधी डोकावून पाहिलं नाही. खाणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. अभिमान वाईट, मला ठाऊक आहे. पण परदेशात माझ्याइतका काटेकोर नेम कोणी पाळत असेल, तर त्याने समोर यावं!

समोर कोल्हा आला.

तो आला तो आमच्या गार्टनफेराईनच्या, म्हणजे बागवाल्या शेजाऱ्यांच्या मंडळाच्या, उन्हाळी जेवणात. प्रत्यक्ष नव्हे, चर्चेत. फ्राऊ वीझिंगर यांच्या कोंबड्या एकेक करून नाहीशा होत होत्या, आणि त्याचा सोक्षमोक्ष जेवणानंतर लागायचा होता. माझा बेत पक्का होता. लवकर डबा उघडायचा, मुकाट्याने थालीपीठ संपवायचं, हात धुवायचा, आणि सभेत सांगायचं की बाबांनो, त्या जिवाला मारू नका.

पण हेर लिंडनर यांना धीर नव्हता. ते गावचे परवानाधारक शिकारी. माझा पहिला घास तोंडात गेला आणि ते उभे राहिले.

"गोळी," ते म्हणाले. "एकच. कोल्ह्याला कळतही नाही."

"कळत नाही हेच तर वाईट!" फ्राऊ वीझिंगर उसळल्या. कोंबड्या त्यांच्या, पण घोडेस्वारी आणि शिकारी कुत्री हा त्यांचा तीन पिढ्यांचा धर्म. "माझे आजोबा कुत्री घेऊन निघायचे. कोल्ह्याला पळायला रान असायचं. संधी असायची!"

"चाळीस कुत्री एकाच्या मागे. याला तू संधी म्हणतेस?"

"आणि तुझा नेम चुकला तर? लंगडत झुडपात शिरतो आणि दिवसचे दिवस मरत पडतो!"

"जिवंत कोल्ह्यामागे कुत्री सोडायला बंदी आहे, हिल्डा. तुझ्या आजोबांच्या काळापासून!"

"गेनाऊ! अगदी बरोबर! म्हणून तर आमची कुत्री कोल्ह्याऐवजी जमिनीवर ओढलेल्या बडीशेपेच्या वासामागे धावतात. तोच माग या बागांवरून काढू. चाळीस गळे ऐकले की कोल्हा आपणहून बिऱ्हाड हलवील. रक्ताचा थेंब नाही!"

मी घास चावत विचार करत होते. भीती मोठी की मरण? ज्याला घर सोडून पळायला लागतं त्याचं दुःख कमी, असं कोणी ठरवावं? डोळे भरून आले. लोकांना वाटलं, मिरची.

"मतदान!" अध्यक्ष म्हणाले. "गोळीच्या बाजूचे हात वर!"

नेमक्या त्याच क्षणी शेजारच्या आजी माझ्या पानात बटाट्याचं सलाड वाढायला आल्या. सलाडात स्पेक होता, डुकराच्या चरबीचे गुलाबी तुकडे! मी पानावर हात आडवा धरला. डाव पुढेच आला. मी मान हलवली. डाव आणखी पुढे आला! मग मी हात उचलला, चांगला डोक्याच्या वर, पंजा उघडा. नको! पुरे!

"आणि फ्राऊ कुलकर्णी," अध्यक्ष म्हणाले. "एका मताच्या फरकाने गोळी."

टाळ्या झाल्या. मी तोंडात थालीपीठ घेऊन बसले होते. ते गिळेपर्यंत, पाणी पिऊन हात धुवेपर्यंत बिअरच्या बाटल्या उघडल्या होत्या.

"माझं मत नव्हतं ते," मी अध्यक्षांना हळूच म्हणाले.

"बेश्लुस इस्ट बेश्लुस," ते म्हणाले. ठराव तो ठराव!

घरी येताना मी ह्यांना म्हटलं, "अहो, तुम्ही तरी उलट हात वर करायचात!"

"अगं, मी ऑफिसच्या कॉलवर होतो," नागेश म्हणाले. "पण शोभना, तू आणि गोळी? घरात झुरळ बाहेर सोडताना त्याला 'जा बाळ' म्हणतेस तू!"

दुसऱ्या दिवशी हेर लिंडनर आभार मानायला फुलं घेऊन आले. मागच्या पायरीशी थबकले. चिखलातल्या पावलांच्या ठशांकडे पाहिलं, ताटलीचा वास घेतला.

"बाई," ते भारावून म्हणाले, "तीस वर्षं शिकार करतोय. इतकं उत्तम आमिष मी पाहिलं नाही!"

आमिष! सासूबाईंचा मुटका!

"त्या कोल्हीला तर मी रोज खिडकीतून बघते," आमची इरा जर्मनमध्ये म्हणाली. तिला मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. "लाल आहे. एक कान फाटलेला आहे. मला वाटलं, आईला माहीत आहे."

"वस्तीत बंदूक चालवता येत नाही," लिंडनर म्हणाले. "उद्यापासून ताटली कुंपणापलीकडे, माझ्या मचाणाखाली ठेवाल? जमेल ना?"

नाही म्हणायला मी तोंड उघडेपर्यंत ते गेले होते. हळू बोलणाऱ्या माणसाचं हे असंच होतं.

आता मुटका ठेवावा तर कोल्ही गोळीच्या टप्प्यात येणार. न ठेवावा तर मी जेवायचं कसं? मी ताट झाकून ठेवलं. हे कासावीस झाले आणि त्यांनी फ्राऊ वीझिंगरना बोलावलं. त्या दोन शिकारी कुत्री घेऊन आल्या. "नुसत्या वासाने पळेल ती! तुमच्या पायरीशी बांधते."

कुत्र्यांनी कोल्हीचा वास घेतला नाही. त्यांनी तुपाचा घेतला. ताटली, पायरी आणि माझी चप्पल चाटून दोघं दारात आडवी झाली, ती उठेचनात!

"हे घे, दोन मुके जीव जेवले," हे म्हणाले. "आता तू जेव!"

"मुके? दुपारपासून भुंकतायत!"

दिवस कलला तशी मी शाल गुंडाळली आणि शेतात गेले. मचाणाची शिडी धरून वर चढले. लिंडनर यांनी ओठांवर बोट ठेवलं. वर बसलं की बोलायचं नसतं, हा त्यांचा नेम. मला एकदम बरं वाटलं. अगदी सासूबाईंच्या पंक्तीला बसल्यासारखं.

"सलाडात स्पेक होता," मी कुजबुजले. "म्हणून हात वर केला. मत म्हणून नाही. ती माझ्या दारची आहे."

तेवढ्यात गवत हललं. लाल पाठ, फाटका कान. ती मचाणाखाली थांबलीही नाही, थेट कोंबड्यांच्या खुराड्याकडे निघाली. लिंडनर यांनी बंदूक खांद्याला लावली.

आयुष्यात पहिल्यांदा मी ओरडले. "अहो, दार!" मराठीतच, हात लांब करून. "दार उघडं आहे!"

मचाण हाललं. माझ्या दारातली दोन कुत्री भुंकली, गावातली बाकीचीही भुंकली. कोल्ही वाऱ्यासारखी गेली. हेर लिंडनर यांनी बंदूक खाली केली आणि माझ्या बोटाच्या रोखाने पाहिलं. खुराड्याचं दार सताड उघडं होतं.

"हिल्डा घोड्यावरून उशिरा येते," ते सावकाश म्हणाले. "आल्झो... म्हणजे दार रोज असंच असणार."

फ्राऊ वीझिंगर आधी म्हणाल्या, शक्यच नाही! मग घोड्याचं खोगीर उगाच पुसू लागल्या. "सरावाच्या दिवसांत राहून जात असेल," त्या शेवटी पुटपुटल्या. "एखाद्या वेळी."

"मी लावीन दार," मी म्हटलं. "रोज, दिवेलागणीला."

"दार बंद, तर बंदूक बंद," लिंडनर म्हणाले. "आणि भात दुपारी ठेवा. कावळ्यांना."

"पण ठराव?"

"गोळी घालावी असं ठरलंय. कधी, ते कुठे ठरलंय?"

हे झालं श्रावणात. कोंबडी पुन्हा गेली नाही, आणि कोल्ही अधूनमधून शेताच्या कडेने जाताना इराला दिसते. आधीचे दोन नेम पुरत नव्हते म्हणून कोंबड्यांचाही घेतलास का, असं नागेश रोज विचारतात. असले नेमधर्म आपल्याला जमायचे नाहीत, असंही रोज सांगतात.

आज इराच्या शाळेतून यायला उशीर झाला. दिवा लावला, पानं घेतली, पहिला घास तोंडात गेला, आणि खिडकीबाहेर अंधारलेलं दिसलं. खुराडं! आता बोलता येईना, पानावरून उठता येईना. मी नुसती खिडकीकडे बघत बसले.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि हातातली भाकरी खाली ठेवली. मी घाईने हात वर केला. थांबा, भरल्या पानावरून उठू नका, जेवून जा, अशा अर्थाने.

पण माझ्या वर गेलेल्या हाताचा अर्थ या घरातसुद्धा कोणाला कळत नाही. "हो, हो, जातोय," हे म्हणाले, कपाळाला दिवा बांधला, आणि रबरी बूट घालून, दार हळूच ओढून घेऊन कोंबड्यांकडे निघाले.